पावसाळ्याचे चार महिने मोटरसायकल ठेवायची कुठे? बेळगावपुरतं उत्तर

प्रश्न असा आहे: शहापुरात भाड्याची खोली, दारात गल्लीतच उभी असलेली फ्युएल इंजेक्शनची (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली) ३५० सीसी बुलेट, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मालक परगावी. गाडी सोबत नेता येत नाही, विकायची नाही, खर्च बेताचाच करायचा आहे. शहरात भरवशाची जागा कुठे शोधायची आणि ठेवताना काय काय करायचं?

थंड देशांत हाच प्रश्न हिवाळ्यासाठी विचारला जातो आणि तिथले सल्ले इथे जसेच्या तसे फिरत असतात. बेळगावात डिसेंबर-जानेवारी हा गाडीसाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ. आपली अडचण जून ते सप्टेंबरची. पाऊस अंगावर पडून गाडीचं फारसं बिघडत नाही. रोज भिजणाऱ्या आणि रोज चालणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं टिकतात. बंद उभ्या गाडीला खाते ती ओल. जुलै-ऑगस्टमध्ये इथे ऊन दिसत नाही, हवा दिवसचे दिवस दमट असते आणि त्या हवेत लोखंडाला गंज धरायला पाण्याचा थेंबही लागत नाही. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा छप्पर शेवटी बघा. आधी जमीन, मग वारा, मग जागेची किल्ली कोणाच्या हातात राहणार तो माणूस.

जमिनीपासून सुरू करतो. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात बळ्ळारी नाल्याच्या बाजूची घरं आणि शेतं पावसाळ्यात तुंबतात हे बेळगावकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं हे प्रत्येक गल्लीतल्या जुन्या रहिवाशाला बोट ठेवून दाखवता येतं. जागा दाखवणाऱ्या मालकाला न विचारता समोरच्या किंवा शेजारच्या घरी विचारा, कारण भाडं त्यांना मिळणार नसतं. दुसरं म्हणजे रस्ता आणि उंबरा यांची उंची. कितीतरी गल्ल्यांत डांबर आणि काँक्रीटचे थर चढत जाऊन रस्ता वर आलाय आणि जुन्या घराचं जोतं खाली राहिलंय. अशा घरात नाला नसला तरी मोठ्या सरीचं पाणी उंबऱ्यावरून आत येतं. उंबरा रस्त्यापेक्षा वीतभर तरी वर हवा.

मे महिन्यात जागा बघताना सगळ्याच खोल्या कोरड्या दिसतात. फसगत इथेच होते. जुलैत ती खोली कशी असेल हे मे महिन्यात ओळखायच्या खुणा आहेत. भिंतीला खालून लोणा लागलाय का, पोपडे किती उंचीपर्यंत सुटलेत ते बघा. ओल दर पावसाळ्यात तिथवर चढते. दाराच्या बिजागऱ्या, कडी, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाचे पाय बघा. कपाटाचे पाय गंजून पातळ झाले असतील तर तुमच्या स्पोकचंही तेच होणार. आणि घरच्या बाईमाणसांना विचारा, पावसाळ्यात जळण आणि शेण्या कुठे ठेवता? घरातली खरोखर कोरडी जागा तीच असते. जळणाशेजारची जागा मिळाली तर ती सर्वांत कोरडी. तिथे चूल किंवा पाणी तापवायचा बंब पेटत असेल तर मात्र ती बादच समजा, कारण पेट्रोलची टाकी आणि विस्तव एका खोलीत चालत नाहीत.

आता शहरात जागा कुठे मिळतात ते.

जुन्या गल्लीतल्या घराचा सोपा (पुढची ओसरी) ही पहिली पसंती. शहापूर, खासबाग, वडगाव, गणपत गल्लीच्या आतले बोळ, इथे मोठ्या घरांत दोन-तीनच माणसं राहिलेली असतात आणि सोपा रिकामा असतो. माणसांचा वावर असतो, रात्री दार लागतं, हवा खेळती असते. भाडं बोलण्यावर ठरतं आणि ओळखीत बहुधा कमीच ठरतं. पण एक गोष्ट आधी बोलून ठेवा: गणपती. चतुर्थी तुमच्या चार महिन्यांतच येते. त्या आठवड्यात सोप्यात आरास होते, पुण्या-मुंबईची माणसं येतात, आणि गाडी ‘दोन दिवसांसाठी’ गल्लीत जाते. ते दोन दिवस विसर्जनापर्यंत लांबतात आणि गल्लीतल्या मंडपामुळे ती हलवायलाही येत नाही. मालकाला सरळ विचारा, गणपतीत गाडी कुठे असेल? मागच्या पडवीत किंवा परड्यातल्या पक्क्या खोलीत हलवणार असतील तर ती जागाही आधी बघून घ्या.

खासबाग-वडगाव भागात बंद पडलेल्या यंत्रमागाच्या खोल्या असतात. दार-कुलूप, पक्की फरशी, विजेचा पॉईंट, सगळं तयार असतं. माग बंद असेल तर खोली चांगली. माग चालू असलेल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका. सुताची तूस एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि इंजिनाच्या पंखांत भरते आणि ओल धरून ठेवते. हातमागाच्या खोलीत जमिनीत खड्डा असतो, तो भरून घेतलेला नसेल तर पावसाळ्यात त्यातून ओल वर येते.

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, सदाशिवनगर भागातल्या अपार्टमेंटचं खांबांवरचं तळमजल्याचं पार्किंग सोयीचं, कारण वारा आरपार जातो. मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या नावाची जागा असेल तर पैसेही लागत नाहीत. मात्र भिंतीलगतची किंवा मधली जागा मागा. कडेच्या रांगेत झडीचे शिंतोडे रोज येतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला चार ओळींचं पत्र द्या, नाहीतर महिनाभर धूळ बसलेली गाडी कोणाची म्हणून ती ओढून बाहेर काढतात. जमिनीखालचं तळघर पार्किंग मात्र फुकट मिळालं तरी नको. तिथलं पाणी उपसणारा पंप विजेवर चालतो आणि वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते.

उद्यमबाग किंवा मच्छेकडची शेड अनेकांना सुचते, कारण ओळखीत कोणीतरी कारखान्यात असतंच आणि वॉचमन असतो. फौंड्री किंवा मशिनशॉप असेल तर टाळा. ग्राइंडिंगचा उडणारा चुरा म्हणजे बारीक लोखंड. तो रंगावर, क्रोमवर, सीटवर बसतो, ओल लागली की कणकण गंजतो आणि नारंगी ठिपके राहतात. ते धुऊन जात नाहीत. प्लास्टिक, पॅकिंग, कापड अशा कोरड्या मालाची शेड चालेल. पत्र्याखाली ठेवणार असाल तर एक लक्षात घ्या: गळती नसली तरी रात्री पत्रा गार पडला की आतल्या बाजूला घाम धरतो आणि सकाळी थेंब पडतात. पत्र्याखाली माळा किंवा सिलिंग असलेली जागा बघा.

गॅरेजवाल्याकडे ठेवणं वाटतं तेवढं सोपं नाही. मेकॅनिक प्रामाणिक असला तरी त्याची जागा कामासाठी असते. दिवसा तुमची गाडी फुटपाथवर, रात्री दाटीवाटीने आत, रोज दोनदा ओढाओढ, आणि कुणाची तरी बॅटरी बसली की ‘जरा लावून बघतो’ म्हणून तुमची निघते. गाडी रात्री कुठे असते आणि दिवसा कुठे असते, हे दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणू नका. गॅरेजच्या वर किंवा मागे स्वतंत्र कुलपाची खोली असेल तर गोष्ट वेगळी.

रेल्वे स्टेशन आणि बसस्टँडचं स्टँड दोन-तीन दिवसांसाठी असतं. दिवसाचे १५ रुपये धरले तरी १२० दिवसांचे १,८०० होतात, आणि त्या पैशांत मिळतं काय, तर उघड्यावरची दाटी आणि ‘जोखीम मालकाची’ असं छापलेली पावती. शिवाय महिनोन्महिने न हललेली गाडी बेवारस म्हणून पोलिसांच्या नजरेत येते. तीच गोष्ट गल्लीत झाकून ठेवायची. एकच फायदा, भाडं नाही.

गावाकडे ठेवायचा विचार असेल तर दिशा बघा. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे तो दुपटीहून जास्त होतो आणि पूर्वेला सौंदत्ती-अथणीकडे निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणजे खानापूर तालुक्यातल्या घाटाजवळच्या मामाच्या घरापेक्षा बैलहोंगल भागातल्या मित्राचं घर गाडीला कितीतरी बरं. मेच्या अखेरीस एक चक्कर मारली की काम झालं. कोरड्या भागातही नदीकाठ मात्र नको. घटप्रभेचं पाणी २०१९ मध्ये गोकाकमध्ये शिरलं होतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा इथल्या पावसाने नव्हे तर वरच्या घाटातल्या पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने फुगतात. गावात ऊन असतानाही पाणी चढतं. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारी आहेत. त्यांचं जोतं उंच, भिंती जाड. माल नसलेली वखार मिळाली तर नाही म्हणू नका.

गावातल्या घरात दोन शत्रू ठरलेले. एक गोठा. पावसाळ्यात जनावरं बाहेर बांधत नाहीत, सगळी आत येतात, आणि शेणामुतातून सुटणारा अमोनिया तांबं-पितळ खातो. वायरिंगचे जोड आणि स्विचच्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि ऑक्टोबरमध्ये गाडी सुरू झाली तरी हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, सेन्सरचा दिवा पेटलेला. हा दोष शोधायला मेकॅनिकचा आख्खा दिवस जातो. दुसरा शत्रू खताची पोती. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढून पाझरतात, आणि पोटॅशमधलं क्लोराइड लोखंडाला मिठासारखंच लागतं. जूनमध्ये शेतकऱ्याच्या घरात खत येणारच, तेव्हा पोती कुठे टाकणार ते विचारा. भाताची कणगी शेजारी असेल तर उंदीर-घुशींचंही बघावं लागतं, त्याबद्दल पुढे येतंच.

जागा ठरली की पैशाचं आणि कागदाचं बोलून घ्या. महिना ५०० ठरले तर चार महिन्यांचे २,०००. अर्धे आधी, अर्धे गाडी नेताना, हा व्यवहार दोघांनाही बरा पडतो. सगळे पैसे आधी दिले की गणपतीत गाडी बाहेर जाते, आणि काहीच दिलं नाही तर मालकाला आपण उपकार करतोय असं वाटतं. एका साध्या कागदावर, मालकाला वाचता येईल त्या भाषेत, मराठी किंवा कन्नड, एवढं लिहा: गाडीचा नंबर, चासी नंबर, किलोमीटरचा आकडा, कधीपासून कधीपर्यंत, किती पैसे, आणि गाडी कोणीही सुरू करायची किंवा चालवायची नाही. दोघांच्या सह्या. गाडीचे चारी बाजूंनी आणि मीटरचे फोटो त्याच दिवशी त्याच्या मोबाईलवर पाठवा, म्हणजे दोघांकडे तारखेसह राहतात.

किल्ली द्यावी का? आग किंवा पाणी आलं तर गाडी हलवता यायला हवी, पण त्यासाठी हँडल लॉक न लावणं आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवणं पुरतं. सोप्यात, आतल्या दाराला कुलूप असेल तर तसंच करा आणि दोन्ही किल्ल्या स्वतःजवळ ठेवा. चोरीच्या क्लेममध्ये विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली ‘घरमालकाकडे होती’ हे उत्तर तुमची बाजू कमकुवत करतं. उघड्या पार्किंगमध्ये मात्र हँडल लॉक हवाच आणि वर साखळी. साखळी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून काढून खांबाला किंवा भिंतीत बसवलेल्या कडीला घाला. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. टेकलेलं कुलूप हातोड्याने फोडणं सोपं जातं. आरसी, विम्याचा कागद गाडीत ठेवू नका. आणि सही केलेले कोरे फॉर्म २९-३० कोणाकडेही, कितीही विश्वासाचा असला तरी, ठेवू नका. त्यांवर गाडी दुसऱ्याच्या नावावर होते.

विम्याची तारीख आजच बघा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे अनेकांना आपला ‘पाच वर्षांचा विमा’ आहे असं वाटतं. त्यात चोरी, पूर, आग येत नाही. ते स्वतःच्या नुकसानीच्या भागात येतं आणि तो बहुतेकांचा एका वर्षाचा असतो. तुम्ही नसताना तो संपत असेल तर जायच्या आधी भरा. मुदत संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनसही जातो. सुटे भाग चोरीला गेले तर साध्या पॉलिसीत सहसा काही मिळत नाही, म्हणून सॅडल बॅग, मोबाईल होल्डर, जादा दिवे काढून घरी ठेवा.

आता गाडी तयार करायची. हे काम मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृग लागायच्या आत, कडक उन्हाचा दिवस बघून करा.

गाडी पूर्ण धुवा. मडगार्डच्या आतली, चेनकव्हरमागची, इंजिनाखालची लाल माती हाताने काढा, कारण ती महिनाभर ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात चोर्ल्यातून गोव्याला जाऊन समुद्रकाठी फिरवली असेल तर हे दोनदा करा. मीठ राहिलं तर बाकीची सगळी मेहनत फुकट. धुतल्यावर पुसून भागत नाही. अर्धा तास गाडी चालवा म्हणजे कानाकोपऱ्यातलं पाणी उडून जातं, आणि एक दिवस उन्हात ठेवा.

त्याच फेरीत पेट्रोल भरा. गर्दीच्या पंपावर, पाऊस सुरू व्हायच्या आधी, कारण तिथला साठा ताजा असतो आणि टाक्यांत पावसाचं पाणी झिरपायची भीती कमी. टाकी गळ्याच्या दोन बोटं खालपर्यंत भरा. २०२५ पासून पंपांवर बहुतेक ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं आणि त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकी अर्धी असेल तर वरच्या रिकाम्या जागेत रोजच्या गार-गरम होण्याने बाहेरची दमट हवा आत-बाहेर करते, पत्रा वरून गंजतो आणि ओढलेलं पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉलसकट तळाशी बसतं, म्हणजे जिथून पंप ओढतो तिथेच. भरलेल्या टाकीत हवेलाच जागा नाही. आग लागेल या भीतीने काहीजण टाकीत थोडंसंच पेट्रोल ठेवतात, पण धोका वाफेचा असतो आणि वाफ अर्ध्या टाकीत जास्त मावते. इंजेक्शनच्या गाडीची टाकी पूर्ण रिकामी करणं तर चुकीचंच. आतला पंप पेट्रोलात बुडालेला राहायला हवा. फ्युएल स्टॅबिलायझर मिळाला तर बाटलीवरच्या मापाने घाला आणि नंतर दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून उरलेले थेंबही काढा. वाटीत सुकलेलं पेट्रोल चिकट थर होऊन जेट बुजवतं, आणि चार महिन्यांनी ‘गाडी चोकवरच चालते’ ही तक्रार तिथून येते.

ऑइल जायच्या आधी बदला, आल्यावर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेलं आम्ल आणि पाणी असतं. तेच चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. नवं ऑइल घालून पाच मिनिटं इंजिन चालवा म्हणजे सगळीकडे पोहोचेल. मग इंजिन गार झाल्यावर प्लग काढून सिलिंडरमध्ये साधारण ५ मिली इंजिन ऑइल टाका. गाडी मधल्या स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, मागचं चाक हाताने चार-पाच वेळा फिरवा. सेल्फ मारू नका. प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत आवळा आणि पान्याने पाव फेरा, त्यापेक्षा जास्त नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर ते काम महागात जातं. प्लग बसवल्यावर चाक पुन्हा हळूहळू फिरवा आणि जिथे जड लागेल तिथेच थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि सायलेन्सरमधून दमट हवा सिलिंडरपर्यंत जात नाही. मग तिथेच न्यूट्रल करून ठेवा.

बॅटरीचा हिशेब सरळ आहे. गाडी बंद असतानाही ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि घड्याळ थोडा करंट खातात. तो ५ मिलिअँपिअर धरला तर दिवसाला ०.१२ अँपिअर-अवर जातात, १२० दिवसांत १४.४. बुलेटसारख्या गाडीची बॅटरी ८ अँपिअर-अवरच्या आसपास असते, म्हणजे दोन महिन्यांतच ती पूर्ण रिकामी. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट धरते आणि पुन्हा नीट चार्ज होत नाही. जीपीएस ट्रॅकर लावलेला असेल तर याहून लवकर. म्हणून उणे टोक आधी, मग अधिक टोक सोडून बॅटरी बाहेर काढा, पूर्ण चार्ज करा आणि घरात कोरड्या फळीवर ठेवा. चार्ज झाल्यावर काही तासांनी मीटरवर १२.७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दोन महिन्यांनी कोणाला तरी बॅटरीच्या दुकानात नेऊन एकदा चार्ज करायला सांगा. दुकानदाराला मोटरसायकलची बॅटरी आहे, एक अँपिअरच्या आत लावा, हे आवर्जून सांगावं लागतं, नाहीतर ती ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या रांगेत लागते. ट्रिकल चार्जर कायम लावून ठेवायचा मोह टाळा. हेस्कॉमची वीज पावसाळ्यात येते-जाते, व्होल्टेज उसळतं, आणि बंद घरात बॅटरीजवळ तापलेला चार्जर कोण बघणार?

चेन डिझेलने पुसून, सुकवून तिला ९० नंबरचं गिअर ऑइल लावा आणि चाक फिरवत प्रत्येक कडीपर्यंत पोहोचवा. स्पोक, निपल, क्रोमचे रिम, हँडल आणि सायलेन्सरच्या जोडावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण चार महिन्यांचं संरक्षण त्याचं काम नव्हे, ते आठवड्या-पंधरवड्यात उडून जातं. खोबरेल तेल लावू नका. धूळ धरतं, खवट होतं आणि उंदरांना आवडतं. ब्रेक डिस्कला आणि टायरला यातलं काहीही लागता कामा नये. क्लचचं लिव्हर दाबून ग्रिपला रबरबँडने बांधून ठेवलं तर प्लेटा एकमेकींना चिकटत नाहीत.

टायरमध्ये स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा ५ पीएसआय जास्त हवा भरा. फरशीवर आधी जाड प्लास्टिक, त्यावर इंचभर जाडीची फळी, आणि त्यावर मधला स्टँड. शहाबादी फरशीला पावसाळ्यात घाम सुटतो. प्लास्टिक नसेल तर तो घाम थेट इंजिनाच्या पोटाशी चढतो. शेणाने सारवलेली जमीन असेल तर फळी दुप्पट रुंद घ्या. पुढच्या चाकाखालीही फळीचा तुकडा द्या.

सायलेन्सरच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेला कापडाचा बोळा बसवा आणि त्याला लांब लाल चिंधी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे आल्यावर काढायची आठवण राहते. हे नुसत्या ओलीसाठी नाही. कुंभारीण माशी अशाच भोकांत मातीचं घर बांधते. एअर बॉक्सच्या तोंडावर बारीक जाळी बांधा, तिथून उंदीर आत जाऊन फिल्टरचा कागद कातरतो आणि बिछाना करतो. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. एक पिंजरा आणि आजूबाजूला धान्य-पेंड नसणं, याने जास्त काम होतं. सीट काढून घरात माळ्यावर ठेवा. खाली वायरिंग उघडं राहत असेल तर त्यावर सुती कापड टाका. सीट गाडीवरच राहिली तर बुरशीचे ठिपके येतात ते कायमचे.

झाकायला जुनी सुती चादर किंवा लुगडं. बाजारातलं प्लास्टिकचं चकचकीत कव्हर छपराखाली वापरूच नका. आतली ओल बाहेर जात नाही आणि महिन्याभरात कव्हरच्या आतून थेंब ओघळलेले दिसतात. पागोळ्यांचे शिंतोडे येत असतील तर चादरीवर फक्त वरच्या बाजूला ताडपत्री, बाजू मोकळ्या. सिलिका जेल आणि चुन्याची भांडी उघड्या सोप्यात काही करत नाहीत. गाडीखाली ६० वॅटचा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती कोणी सांगेल. १२० दिवसांत जवळपास १७३ युनिट वीज जाते आणि पेट्रोलच्या टाकीखाली तापलेला बल्ब चार महिने सोडून जावं लागतं. नको.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारा, चांगल्या मनाने दिला जाणारा सल्ला: ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करत जा.’ पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन पूर्ण तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत तापत नाही, मग ते पाणी सायलेन्सरच्या आत आणि ऑइलमध्ये बसतं. चार महिन्यांत असे सोळा-सतरा हात दिले की सायलेन्सर आतून कुजतो आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. वर प्रत्येक सेल्फमध्ये बॅटरीतून जेवढं गेलं तेवढं पाच मिनिटांत परत येत नाही. गाडी एकतर वीस-पंचवीस किलोमीटर चालवायची, नाहीतर हातही लावायचा नाही. वर सांगितल्याप्रमाणे बॅटरी काढलेली असली की घरमालकाच्या कॉलेजातल्या पोराचाही प्रश्न सुटतो.

सांभाळणाऱ्याला सांगायचं काम एवढंच: पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून चादर दोन तास काढायची, खाली थेंब किंवा उंदराच्या लेंड्या दिसतात का बघायचं, आणि एक फोटो पाठवायचा. पाणी चढायला लागलं तर गाडी सुरू न करता ढकलून उंचावर न्यायची. चाकाच्या आसापर्यंत पाणी आलं असेल तर नंतरही सुरू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमा कंपनी ते नुकसान पुराचं न मानता सुरू करणाऱ्याच्या चुकीचं मानून नाकारू शकते. टो करून गॅरेजला न्यायची, ऑइल काढून बघायचं, दुधाळ असेल तर फ्लश करायचं.

ऑक्टोबरमध्ये आल्यावर घाई करू नका. आधी लाल चिंधी ओढून बोळा काढा, जाळी सोडा, फिल्टर उघडून बघा. वायरिंगवर दातांच्या खुणा शोधा, विशेषतः सीटखाली आणि टाकीच्या पुढच्या टोकाशी. क्लचला बांधलेला रबर सोडा. टायरची हवा मापावर आणा. बॅटरी चार्ज करून अधिक टोक आधी, मग उणे जोडा. प्लग काढून मागचं चाक पाच-सहा वेळा फिरवा, म्हणजे टाकलेलं ऑइल बाहेर येईल. प्लग पुसून बसवा. किल्ली ऑन करा, पंपाचा आवाज थांबू द्या, ऑफ करा, असं तीनदा, आणि मग सेल्फ. पहिली दोन-तीन मिनिटं निळसर धूर येणं साहजिक आहे. रेझ करू नका. गाडी गिअरमध्ये टाकताना झटका बसला तर क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या आहेत. इंजिन बंद करून, टॉप गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकलली की सुटतात.

पहिल्या शंभर मीटरवर दोन्ही ब्रेक हलके दाबून बघा. डिस्कवर आलेला लालसर थर चार-पाच दाबांत निघून जातो. तो निघेपर्यंत ब्रेक कमी लागतो, तेव्हा गल्लीतून थेट खडेबाजाराच्या गर्दीत शिरू नका. वीसेक किलोमीटर चालवून या, चेन पुन्हा ताणून घ्या आणि टाकी अर्धी संपली की ताजं पेट्रोल भरा. खंडेनवमीला अजून काही दिवस असतील तर स्पोकवरचं व्हॅसलिन तेवढ्यात रॉकेलऐवजी डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या. हारातला झेंडू आणि हळद-कुंकू त्याला चिकटलं की मग निघता निघत नाही.